प्लाझ्मा ६, वेलँड आणि सॉफ्ट प्रूफिंग: रंगांचं रूपांतर नक्की कोणी करायचं?

शिरोरेघ

मंडळी, दिवाळी अंकाचं अख्खं काम मुक्त सॉफ्टवेअरवर बसवायचं आहे. मुखपृष्ठ आर्ट पेपरवर, आतली पानं मॅपलिथोवर (बिनलेपाचा कागद), सगळं ऑफसेट, फोर कलर. यंत्रावर लिनक्सचा प्लाझ्मा ६ डेस्कटॉप, वेलँड (खिडक्या पडद्यावर दाखवण्याची नवी पद्धत) सत्र. दोन मॉनिटर: एक वाइड गॅमट (गॅमट म्हणजे दाखवता येणाऱ्या रंगांचा आवाका), दुसरा साधा. कलरीमीटर (पडद्याचे रंग मोजणारं यंत्र) हाताशी आहे. फोटोंसाठी जिंप, चित्रांसाठी क्रिता आणि पानं लावायला स्क्रायबस वापरायचे आहेत.

अडचण अशी की सिस्टिम सेटिंग्जमध्ये मॉनिटरचं आयसीसी प्रोफाइल (त्याचे रंग कसे आहेत ते सांगणारी फाइल) लावलं, जिंपच्या पसंतींमध्येही तेच निवडलं, तर वाइड गॅमट पडद्यावर फोटो मलूल दिसतात. जिंपमधलं काढलं की ठीक. बरोबर कोणतं? आणि सॉफ्ट प्रूफ (छपाईची पडद्यावरची नक्कल) एकदाच डेस्कटॉपच्या पातळीवर चालू करता येतं का, की प्रत्येक प्रोग्रॅममध्ये वेगळं?

वेलँडकर

मलूल दिसतात म्हणजे रूपांतर दोनदा होतंय. जिंप चित्राचे आकडे मॉनिटरच्या रंगावकाशात (कोणता आकडा म्हणजे कोणता रंग, ते ठरवणारी चौकट) नेतो. केविनला (प्लाझ्माचा कंपोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्या पडद्यावर मांडणारा भाग) ते कळायला मार्ग नसतो, तो ते आकडे एसआरजीबीच (साध्या पडद्यांचं प्रमाण रंगावकाश) आहेत असं धरून पुन्हा मॉनिटरकडे नेतो. वाइड गॅमट पडद्यावर प्रत्येक फेरीत संपृक्तता कमी होते, म्हणून चेहरे पांढुरके पडतात. साध्या मॉनिटरवर हीच चूक सहसा लक्षातही येत नाही.

एक्स-११ मध्ये (वेलँडच्या आधीची पद्धत) सर्व्हरला रंगांचं काहीच कळत नव्हतं. मॉनिटरचं प्रोफाइल रूट विंडोवर एका प्रॉपर्टीत चिकटवलेलं असे, ज्या प्रोग्रॅमला गरज असेल त्याने ते वाचून स्वतः रूपांतर करावं. बाकीचा डेस्कटॉप, आयकॉन, फाइल मॅनेजरची लघुचित्रं, सगळं वाइड गॅमटवर भडक. अख्ख्या डेस्कटॉपवर एकच गोष्ट लागू व्हायची, ती म्हणजे व्हीसीजीटी: प्रोफाइलमध्ये ठेवलेले लाल, हिरवा, निळा यांचे तीन वक्र, जे थेट ग्राफिक्स कार्डात भरले जातात. त्याने करडा रंग सरळ होतो, गॅमटला हातही लागत नाही. पुष्कळ लोक तेवढ्यालाच 'प्रोफाइल लागलं' समजतात.

प्लाझ्मा ६.० पासून (फेब्रुवारी २०२४) वेलँडवर प्रत्येक पडद्याला वेगळं आयसीसी देता येतं आणि पूर्ण रूपांतर केविन करतो. म्हणून:

जिंप: पसंती → कलर मॅनेजमेंट. 'सिस्टिमचं मॉनिटर प्रोफाइल वापरा' ही खूण काढा, मॉनिटर प्रोफाइल 'काही नाही' ठेवा. म्हणजे जिंप एसआरजीबीमध्ये चित्र देतो, पुढचं केविन बघतो.
स्क्रायबस: मॉनिटर प्रोफाइल एसआरजीबी.
क्रिता ५.२: एक्स-वेलँडमधूनच (एक्स-११ चे प्रोग्रॅम वेलँडवर चालवणारा थर) चालतो, तेव्हा त्यालाही पडद्याचं प्रोफाइल एसआरजीबी द्या.

याची किंमत एकच. वाइड गॅमट मॉनिटरचा एसआरजीबीबाहेरचा भाग या प्रोग्रॅमना मिळत नाही.

शाईकाम

ती किंमत प्रिंटवाल्यांसाठी लहान नाही हो. फोग्रा ३९ मध्ये (आर्ट पेपरवरच्या ऑफसेट छपाईचं प्रमाण) शंभर टक्के सायनचं लॅब मूल्य (एल म्हणजे उजळपणा, ए आणि बी म्हणजे रंगछटा) ५५, −३७, −५० आहे. हा रंग एसआरजीबीच्या बाहेर पडतो. म्हणजे मॉनिटर दाखवू शकतो, शाई छापू शकते, आणि मधल्या एसआरजीबीच्या बोळात तो चेपला जातो. मोरपंखी, आकाशी, समुद्र असं काही मुखपृष्ठावर असेल तर प्रूफ छापापेक्षा फिकं दिसणार.

अशा कामाला मी सरळ सांगेन: त्या एका मॉनिटरचं प्रोफाइल सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'काही नाही' करा आणि जिंप किंवा क्रितामध्ये मॉनिटरचं खरं प्रोफाइल द्या. केविन मग आकडे जसेच्या तसे पुढे ढकलतो. बाकीचा डेस्कटॉप भडक दिसेल, दिसू दे.

वेलँडकर

@शाईकाम, हे मान्य. फक्त खिडकी दुसऱ्या मॉनिटरवर सरकवायची नाही, आणि नाइट लाइट (रात्री पडदा पिवळट करणारी सोय) पूर्ण बंद.

कायमचा उपाय तयार आहे, प्रोग्रॅमनी तो उचलायचा आहे. वेलँडचा कलर मॅनेजमेंट प्रोटोकॉल फेब्रुवारी २०२५ मध्ये वेलँड-प्रोटोकॉल्स १.४१ मध्ये आला. त्यात प्रोग्रॅम आपल्या खिडकीला 'हे आकडे अमुक रंगावकाशातले आहेत' अशी चिठ्ठी लावतो, आणि कंपोझिटर ज्या पडद्यावर खिडकी असेल त्याप्रमाणे रूपांतर करतो. चिठ्ठी वाइड गॅमटची लावली की शाईकाम म्हणतात तो बोळ उरत नाही.

आता मूळ दुसरा प्रश्न. सॉफ्ट प्रूफ डेस्कटॉपभर होत नाही, आणि व्हावं असंही नाही. त्या प्रोटोकॉलमध्ये आयसीसी प्रोफाइल चालतं ते तीन चॅनलचं, डिस्प्ले किंवा कलरस्पेस वर्गातलं. चार शायांचं प्रिंटर प्रोफाइल कंपोझिटरला देताच येत नाही. आणि दिलं तरी कोणता इंटेंट (न छापता येणारे रंग कसे बसवायचे त्याची रीत), काळ्या बिंदूची भरपाई (एकीकडचा काळा दुसरीकडच्या काळ्याशी जुळवणं) हवी की नको, कागद दाखवायचा की नाही, हे त्या कामाच्या प्रोग्रॅमलाच ठाऊक असतं. छपाईची नक्कल प्रोग्रॅमने करायची, पडद्याची काळजी कंपोझिटरने.

डेल्टा_ई

दुहेरी रूपांतर डोळ्यांनी ओळखत बसू नका, खोटं प्रोफाइल लावून बघा. एसआरजीबीचं साधं मॅट्रिक्स (तीन प्राथमिक रंगांच्या आकड्यांचं) प्रोफाइल घ्या, आयसीसी-टू-एक्सएमएल या साधनाने उलगडा, लाल आणि हिरव्या प्राथमिक रंगाची एक्सवायझेड मूल्यं (रंगाचे मोजमापी आकडे) आपापसात बदला, परत आयसीसी बनवा. हे मॉनिटरचं प्रोफाइल म्हणून लावा.

कंपोझिटर काम करत असेल तर सगळ्या डेस्कटॉपवर लाल-हिरव्याची अदलाबदल होते. आता ज्या एकाच खिडकीत टोमॅटो लाल दिसेल ती खिडकी दोषी. तिनेही सिस्टिमचं प्रोफाइल उचलून एक अदलाबदल केली, कंपोझिटरने दुसरी, आणि दोन्ही मिळून रंग मूळपदावर आले. याउलट एक्स-११ वर डेस्कटॉप तसाच राहतो आणि फक्त रंग जाणणाऱ्या खिडक्या उलटतात.

प्रोग्रॅममध्ये प्रोफाइल हाताने निवडलेलं असेल तर ही चाचणी चालत नाही, आधी ते 'सिस्टिमचं' करा.

अवांतर: अर्गिल या रंगमापन संचाच्या कोलप्रॉफमध्ये (प्रोफाइल बनवणारी आज्ञा) असाच प्रकार मुद्दाम ठेवलेला आहे. 'वाय' प्रकारचं प्रोफाइल मागितलं तर सारणी (रंगांचा तपशीलवार तक्ता) बरोबर आणि मॅट्रिक्स उलटं टाकतो. एखादा प्रोग्रॅम सारणी वाचतो की नुसतं मॅट्रिक्स, ते लगेच उघडं पडतं.

मॅपलिथो

+१. वाचनखूण साठवली.

जीनोमवाल्यांनी (लिनक्सचा दुसरा डेस्कटॉप) ही चाचणी जरूर करावी. तिथे प्रोफाइल कलर-डीमार्फत (प्रोफाइलं सांभाळणारी सेवा) येतं, आणि डार्कटेबलसारखे फोटोंचे प्रोग्रॅम कलर-डीलाही विचारतात, नुसत्या एक्सच्या प्रॉपर्टीला नाही. डार्कटेबलबरोबर डार्कटेबल-सीएमएस-टेस्ट नावाची छोटी आज्ञा येते, ती दोन्हीकडचं प्रोफाइल एकच आहे का ते सांगते.

आणि हात न लावताच रंग पिवळट दिसत असतील तर कलर-डीने मॉनिटरच्या ईडीआयडीवरून (मॉनिटर स्वतःबद्दल पुरवतो ती माहिती) स्वतः बनवलेलं प्रोफाइल लागलंय का बघा. पुष्कळ लॅपटॉपच्या ईडीआयडीत प्राथमिक रंगांचे आकडे बेभरवशाचे असतात. ते प्रोफाइल काढून टाकलेलं बरं.

शिरोरेघ

लक्ख कळलं, आभार. मग वेलँडवर प्रोफाइल बनवायचं कसं? डिस्प्लेकॅल (कलरीमीटरने प्रोफाइल बनवणारा प्रोग्रॅम) कॅलिब्रेशनच्या पायरीवर ग्राफिक्स कार्डाच्या वक्रांशी बोलूच शकत नाही.

डेल्टा_ई

नाहीच बोलू शकत. वेलँडमध्ये गामा सारणी (म्हणजे ते वक्र) कंपोझिटरच्या ताब्यात असते. म्हणून कॅलिब्रेशन मॉनिटरच्या बटणांनी करायचं आणि सॉफ्टवेअरने फक्त प्रोफाइल बनवायचं. क्रम असा:

१. त्या पडद्याचं प्रोफाइल 'काही नाही', एचडीआर बंद, नाइट लाइट बंद, लॅपटॉप असेल तर आपोआप कमीजास्त होणारा उजेड बंद. मॉनिटर किमान ३० मिनिटं तापू द्या.

२. मॉनिटरच्या मेनूत 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट', 'व्हिव्हिड' वगैरे सगळं बंद. उजेड ठरवा (किती, ते शाईकाम सांगतीलच), मग लाल-हिरवा-निळा गेन कमी करत पांढरा जागेवर आणा. गेन वाढवू नका, कमीच करा, नाहीतर एक चॅनल वरच्या टोकाला कापला जातो.

३. डिस्प्लेकॅलमध्ये व्हाइट पॉइंट आणि टोन कर्व्ह दोन्ही 'मोजल्याप्रमाणे'. कलरीमीटरसाठी दुरुस्ती फाइल मॉनिटरच्या बॅकलाइटशी जुळणारी निवडा. वाइड गॅमटच्या बॅकलाइटला साध्या पांढऱ्या एलईडीची फाइल लावलीत तर पांढरा हिरवट किंवा गुलाबी होतो, आणि अहवालात सगळं ठीक दिसतं! कारण मोजणारं यंत्रच चुकीचं मोजत असतं.

४. प्रोफाइलचा प्रकार: पॅनेल बरं असेल तर एक वक्र + मॅट्रिक्स पुरे. सारणीचं प्रोफाइल वाकड्या पॅनेलला उपयोगी, पण त्यातला मोजमापाचा गोंधळ ग्रेडियंटमध्ये पट्टे बनून दिसतो.

५. बनलेलं प्रोफाइल लावा आणि पडताळणी पुन्हा करा. इथे डिस्प्लेकॅलला 'आता डिस्प्ले एसआरजीबी आहे' असं सांगून, म्हणजे एसआरजीबी सिम्युलेशन प्रोफाइल धरून मोजायचं, कारण मध्ये केविन बसलाय.

पाचव्या पायरीत गडद छटांत फरक आला तर दचकू नका. केविन एसआरजीबीचा वक्र सरळ २.२ गामा (आकड्यावरून उजेड ठरवणारा घातांक) धरतो, तर आयसीसीच्या जगात एसआरजीबीला तळाशी सरळ तुकडा आहे. २५५ पैकी १० हे मूल्य घ्या: तुकड्याच्या वक्राने ०.००३०, सरळ २.२ ने ०.०००८. जवळजवळ चौपट. लॅबमध्ये एल २.७ विरुद्ध ०.७. रात्रीच्या फोटोतल्या सावल्या म्हणून थोड्या दाट दिसतात. छपाईत हा भाग तसाही काळ्या शाईत बुडतो, त्यामुळे प्रूफिंगच्या बाबतीत यापायी झोप उडवून घेऊ नका.

शाईकाम

उजेडाचा आकडा हवेतून काढायचा नसतो, कागदावरच्या प्रकाशावरून काढायचा. पूर्ण पांढऱ्या, सगळीकडे सारखा प्रकाश परतवणाऱ्या पृष्ठावर जितके लक्स पडतात, त्याला पायने भागलं की कॅन्डेला प्रति चौरस मीटर (पृष्ठाचा उजळपणा) मिळतात. आयएसओ ३६६४ या मानकात छापील काम व्यवहारात पाहण्यासाठी ५०० लक्स आहे. ५०० भागिले ३.१४ म्हणजे १६०. मॉनिटरचा पांढरा १६० ला लावला आणि प्रूफमध्ये कागदाची नक्कल चालू ठेवली, तर पडद्यावरचा कागद आणि हातातला कागद दोन्ही १४० च्या आसपास येतात, कारण आर्ट पेपर साधारण ८७ टक्के प्रकाश परतवतो.

मॉनिटर १२० वरच ठेवायचा असेल तर टेबलावर ३७५ च्या आसपास लक्स हवेत. ट्यूबलाइटखाली २०० लक्स आणि मॉनिटर ३०० कॅन्डेला असा मामला असेल तर 'छाप काळवंडला' ही तक्रार छापखान्यात जायच्या आधीच पक्की झालेली असते. दिवा डी-५० (छपाईतला प्रमाण पांढरा प्रकाश), सीआरआय (दिवा रंग कितपत खरे दाखवतो त्याचा निर्देशांक) ९० च्या वर. साधा एलईडी बल्ब नको, लाल रंग मार खातात.

आता प्रूफची साखळी. लिटल सीएमएस (या प्रोग्रॅममधली रंग-रूपांतराची लायब्ररी) ज्या पद्धतीने करतो त्यात दोन उड्या आहेत: चित्र ते प्रिंटर आणि प्रिंटर ते पडदा. दोन्हीला स्वतंत्र इंटेंट. पहिल्या उडीला तोच ठेवायचा जो प्रत्यक्ष रूपांतराला वापरणार आहात, सहसा रिलेटिव्ह कलरिमेट्रिक (पांढऱ्याला पांढरा जुळवणारा) आणि काळ्या बिंदूची भरपाई चालू. दुसऱ्या उडीला दोन पर्याय. रिलेटिव्ह ठेवला तर कागद मॉनिटरच्या पांढऱ्याएवढा आणि (भरपाई चालू असेल तर) काळा मॉनिटरच्या काळ्याएवढा दिसतो. असं प्रूफ गोड दिसतं आणि फसवतं. फोग्रा ३९ ची काळी शाई एल १६ ला थांबते, शून्याला नाही. कागद आणि काळा जसे आहेत तसे बघायचे तर दुसरी उडी अॅब्सोल्यूट.

जिंपमध्ये दुसरी उडी म्हणजे 'डिस्प्ले रेंडरिंग इंटेंट', पहिली म्हणजे 'सॉफ्ट-प्रूफ रेंडरिंग इंटेंट'. जिंप ३.० पासून (मार्च २०२५) सॉफ्ट-प्रूफचं प्रोफाइल आणि इंटेंट चित्रागणिक असतात, 'इमेज → कलर मॅनेजमेंट' मध्ये. मुखपृष्ठाला एक, आतल्या चित्रांना दुसरं, गल्लत होत नाही.

क्रितामध्ये 'इमेज प्रॉपर्टीज → सॉफ्टप्रूफिंग'. कंट्रोल-वाय प्रूफ, कंट्रोल-शिफ्ट-वाय गॅमटबाहेरची खूण. तिथली 'अॅडाप्टेशन स्टेट' पट्टी कमाल टोकाला ठेवा. किमान टोकाला नेली की पांढरा प्रोफाइलच्या पांढऱ्यावर जातो आणि सगळं चित्र झाकोळल्यासारखं होतं.

मॅपलिथो

अॅब्सोल्यूटमध्ये पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं की काहीतरी बिघडलंय. फोग्रा ३९ चा कागद ९५, ०, −२ आहे, म्हणजे किंचित करडा-निळसर. बाजूला प्रोग्रॅमचा पांढराशुभ्र पॅनेल असेल तर तो कागद मळका दिसणारच. खिडकी पूर्ण पडदा, भोवती मध्यम करडा, पॅनेल लपवा, अर्धा मिनिट डोळे बसू द्या, मग निर्णय घ्या.

प्रोफाइलबद्दल. आर्ट पेपरला 'आयएसओ कोटेड व्ही२ ३०० ईसीआय' (फोग्रा ३९, एकूण शाई, म्हणजे चारींची बेरीज, ३०० टक्के) किंवा नवीन 'पीएसओ कोटेड व्ही३' (फोग्रा ५१). मॅपलिथोला 'पीएसओ अनकोटेड व्ही३' (फोग्रा ५२) किंवा जुनं फोग्रा ४७. ईसीआय या युरोपीय रंग-संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. फोग्रा ३९ कलर-डीच्या डेटा पॅकेजातही येतं. पण फोग्रा ५२ चा कागद भरपूर ब्राइटनर (कागद निळसर-पांढरा करणारं रसायन) असलेला धरलाय, बी उणे १०. नॅचरल शेडचा (पिवळसर) मॅपलिथो असेल तर अॅब्सोल्यूट प्रूफ वेड्यासारखं निळं दिसेल. तिथे कागदाची नक्कल बंद करून फक्त रंगांचा दबलेपणा बघावा.

सगळ्यात आधी छापखान्याला विचारा: सीटीपीवर (प्लेट बनवणारं यंत्र) कोणता वक्र लावता, कोणत्या स्थितीला (फोग्रासारख्या प्रमाणाला) छापता. 'सगळं चालतं' असं उत्तर आलं तर फोग्रा ३९ धरा आणि मशीन प्रूफ (छपाईच्या मशीनवरचा नमुना छाप) काढून घ्या. उत्तर नाही म्हणून अमेरिकेचं स्वॉप प्रोफाइल निवडू नका, ते नुसतं यादीत पहिलं दिसतं म्हणून पुष्कळांच्या फायलींत बसलेलं असतं.

शिरोरेघ

गॅमटबाहेरची खूण चालू केली की भगव्या रंगाचं अख्खं मुखपृष्ठ खुणेने भरतं. सगळा रंग बदलायचा का?

शाईकाम

नको. ती खूण फक्त हो-नाही सांगते, किती बाहेर ते सांगत नाही. जेमतेम बाहेरचा भगवा आणि पार बाहेरचा पोपटी दोघांवर एकच शिक्का. झगझगीत भगवा, समजा आरजीबी २५५, १०३, ०, आर्ट पेपरवर थोडा मंदावतो, मॅपलिथोवर बराच. प्रूफ चालू-बंद करून बघा: रंग नुसता उतरला तर चालवून घ्या, त्याची जात बदलली तर हात घाला. निळ्याचं जांभळं होणं ही जात बदलण्याची नेहमीची तऱ्हा, विशेषतः आरजीबी ०, ०, २५५ च्या आसपास. आणि भगव्याच्या मोठ्या पट्टीत मॅजेंटा-पिवळ्याचे आकडे हाताने ठरवा, उगाच दोन टक्के सायन शिरलेला असतो, त्याने भगवा विटकरी होतो.

अक्षरजुळारी

फोटोंचं झालं, मजकुराचं कोणी बोललंच नाही. सगळ्यात महागडी चूक तिथेच होते.

इंकस्केपची (रेखाचित्रांचा प्रोग्रॅम) पीडीएफ आरजीबी असते. त्यातला काळा मजकूर फोग्रा ३९ मध्ये गेला की चारही शायांचा होतो, एकूण ३०० टक्क्यांच्या जवळ. लॅटिन अक्षरांत रजिस्ट्रेशन (प्लेटींची जुळणी) जरा हललं तर खपून जातं. देवनागरीत नाही: ओळभर सलग शिरोरेघा, एक प्लेट केसभर सरकली की प्रत्येक ओळीवर लाल किंवा निळी किनार. १० पॉइंटच्या मजकुरात वेलांट्या, रफार आणि अनुस्वार बुजतात. सॉफ्ट प्रूफमध्ये यातलं काहीच दिसत नाही, कारण प्रूफ चारही प्लेटी तंतोतंत बसल्या असंच धरून चालतं.

म्हणून मजकूर स्क्रायबसमध्येच, रंग सीएमवायके (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा) ०, ०, ०, १००, ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता वर छापणं) चालू. स्क्रायबस १.६ घ्या (जानेवारी २०२४). १.४ मध्ये जोडाक्षरं धड लागत नव्हती, १.५ च्या मालिकेत हार्फबझ (अक्षरं जोडणारी लायब्ररी) आल्यावर देवनागरी नीट बसते. युनिकोड फाँट हवा, जुने लिपी-फाँट नकोत. स्क्रायबसमध्ये कलर मॅनेजमेंट मुळात बंद असतं, ते 'डॉक्युमेंट सेटअप' मध्ये चालू करा, 'सिम्युलेट प्रिंटर ऑन द स्क्रीन' वर खूण करा. पण 'कन्व्हर्ट ऑल कलर्स टू प्रिंटर स्पेस' विचार करून, कारण शुद्ध काळ्याचंही रूपांतर झालं तर केलेली मेहनत पाण्यात. निर्यातीनंतर प्लेटी तपासा.

शिरोरेघ

प्लेटी तपासायच्या कशा? पीडीएफ वाचकात वेगळ्या दिसत नाहीत.

अक्षरजुळारी

दोन वाटा. स्क्रायबसच्या प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा यांच्या खुणा एकेक काढून बघता येतं. तिथेच 'डिस्प्ले इंक कव्हरेज' आहे, मर्यादा ३०० टाका, जास्त शाईचे भाग उठून दिसतात. अंकाची जाहिरात वृत्तपत्रातही द्यायची असेल तर त्या फायलीला वॅन-इफ्रा या वृत्तपत्र संघटनेचं न्यूजपेपर २६ व्ही५ प्रोफाइल आणि मर्यादा २२०. आर्ट पेपरची फाइल तशीच पाठवली तर न्यूजप्रिंटवर शाई वाळत नाही, मागच्या पानावर उमटते.

तयार पीडीएफसाठी घोस्टस्क्रिप्ट (पीडीएफ हाताळणारा प्रोग्रॅम). त्याच्या टिफसेप उपकरणाने प्रत्येक पानाच्या चार वेगळ्या करड्या टिफ निघतात, रेझोल्यूशन ३०० द्या. सायनची टिफ उघडा: मजकुराच्या जागी कोरं असलं पाहिजे. तिथे अक्षरं दिसली की समजा, काळा चार शायांत फुटला.

डेल्टा_ई

पुरवणी: घोस्टस्क्रिप्टमध्ये इंककव्ह आणि इंक-अंडरस्कोर-कव्ह अशी दोन सारख्या नावांची उपकरणं आहेत. पहिलं फक्त किती टक्के पिक्सेलवर ती शाई आहे ते मोजतं, मग ती १ टक्का असो की १००. दुसरं शाईचं प्रत्यक्ष प्रमाण देतं. नुसत्या मजकुराच्या पानावर पहिलं चालवून सायन, मॅजेंटा, पिवळा तिन्ही शून्य आले की पान निर्धोक. एकूण शाईची मर्यादा मात्र दोन्हींतून कळत नाही, ते पानाचे बेरीज-आकडे आहेत. एका जागी किती शाई साठली ते बघायला स्क्रायबसचं प्रिव्ह्यूच.

शिरोरेघ

टिफसेप चालवलं. मजकुराची पानं साफ आहेत, पण अनुक्रमणिकेच्या पानावर सायनमध्ये अक्षरं आली. ते शीर्षक इंकस्केपमधून एसव्हीजी म्हणून आणलं होतं.

अक्षरजुळारी

तेच कारण. एसव्हीजी आयात झाली की तिचे रंग 'एडिट → कलर्स' च्या यादीत आरजीबी म्हणून येतात, सहसा 'फ्रॉम एसव्हीजी' ने सुरू होणारं नाव असतं. तो काळा निवडून मॉडेल सीएमवायके करा, ०, ०, ०, १०० लिहा, पुन्हा निर्यात करून फक्त ते पान टिफसेपमधून काढा. मुखपृष्ठावरच्या मोठ्या ठळक शीर्षकाला मात्र नुसता काळा फिका पडतो, तिथे काळ्या १०० खाली सायन ४० द्या.